सुंभ, पीळ आणि नायलॉनचा गोळा

"तुझी पीएचडी नेमकी कशात?" असं गावाकडे कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "जुन्या दोरांत." लोक हसतात. मागच्या पोळ्याला घरी बीडला गेले होते, तेव्हा चुलते म्हणाले, "आगं, त्याच्यासाठी पुण्याला कशाला जायाचं? आपल्या गोठ्यात ये की."

गेले. कासरे, दावी, मोरक्या, वेसणी, वैरणीचा भारा बांधायचं चऱ्हाट. एकूण एक दोर नायलॉनचा, पॉलिएस्टरचा नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचा. कोपऱ्यात तुटलेल्या दोरांचा एक गुंता पडला होता. "ह्याचं काय करता?" म्हटलं. "काय करणार? पेटवतो कधीमधी. वास लई येतो."

माझा विषय इथंच सुरू होतो. जुन्या दोराचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या आजोबांना पडत नव्हता. तो आपल्याला का पडला, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

दोर संपायचा कसा

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. शेजारच्या नगर भागातली गावरहाटी त्यात बारकाईनं आली आहे. त्या रहाटीत दोर वळायचं काम बलुत्यात मातंग समाजाकडे होतं. अंबाडी आणि ताग पाण्यात कुजवायचा, साल सोलायची, धुवायची, वाळवायची. घायपाताची पानं चेचून वाख काढायचा. मग पीळ द्यायचा. मोटेचा नाडा, कासरे, दावी, शिंकी, सगळं याच हातांतून यायचं. मोबदला म्हणजे सुगीला मिळेल ते धान्य, आणि वर जातीनं लादलेली पायरी. त्या काळाचं कौतुक करायचा माझा इरादा नाही. पण त्या हातांत एक पक्कं तंत्रज्ञान होतं, आणि ते आपण कधी तंत्रज्ञान म्हणून मोजलं नाही.

नाडा झिजला की धड राहिलेल्या भागाची दावी व्हायची. दावं तुटलं की पीळ उलटा फिरवून धागे मोकळे करायचे आणि त्यांची बारकी दोरी वळायची. अगदीच कामातून गेलं की उकिरडा. तिथं कुजून खत, ते परत रानात.

आणखी एक वाट होती, आणि ती मराठवाड्यातच होती. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, त्या काळापासून इथं हातकागद बनतो असं सांगतात. आपल्याकडे हातकागदाचा कच्चा माल म्हणजे चिंध्या, गोणपाट, जुनी जाळी आणि जुने दोर. ते चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे आणि लगदा चाळणीवर उचलायचा. म्हणजे कालचा दोर उद्याची वही व्हायचा! हे फक्त आपलंच नव्हे. अमेरिकेतही १९व्या शतकात जहाजांच्या जुन्या मनिला दोरांपासून चिवट कागद करत. तपकिरी पाकिटाला 'मनिला' हे नाव तिथूनच चिकटलं.

नायलॉन आलं

१९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटानं नायलॉन बनवलं. १९४२ मध्ये जपाननं फिलिपिन्स घेतलं, मनिला तागाचा पुरवठा तुटला आणि लष्करानं नायलॉनचे दोर वापरायला घेतले. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्तानं पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. आपल्याकडे १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली. पुणे आणि वाईत तिचे कारखाने उभे राहिले. त्याच काळात विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप बसत होते. मोट गेली, तसा नाडाही गेला.

नवा दोर हलका, पावसात न कुजणारा, अंबाडीसारखं कुजवायला पाणी न मागणारा. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात ही मोठीच सोय. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांवर, बैलांच्या गळ्यात, कोपीच्या ताणाला तोच आला. शेतकऱ्याचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पण 'न कुजणारा' हा गुण आपण विकत घेतला, तेव्हा त्याची दुसरी बाजू कुणी सांगितली नाही.

रॅकेटचं 'गटिंग'

हीच गोष्ट खेळात घडली. बॅडमिंटनवाली पोरं 'गटिंग करून आणतो' म्हणतात. गट म्हणजे आतडं. रॅकेटच्या तारा खरोखर जनावरांच्या आतड्याच्या असायच्या. फ्रान्सच्या बाबोलातनं १८७५ मध्ये त्या बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागायची ती तातही आतड्याचीच. आज नाव 'गट' आहे, पण माल सिंथेटिक. एका बॅडमिंटन रॅकेटला सुमारे १० मीटर तार लागते. तुटली की कचऱ्यात.

आणि ही तार साधी नाही. आत नायलॉनचे शेकडो बारीक तंतू, वर दुसऱ्या धाग्याचं वेटोळं, सगळं राळेनं एकजीव केलेलं. अशा मिश्र मालाला आम्ही 'कंपोझिट' म्हणतो. काही दोरही असेच असतात: बाहेरून पॉलिएस्टर, आत पॉलिप्रॉपिलीन.

बादलीतला प्रयोग

गोठ्यातल्या गुंत्याचे तुकडे करून मी साध्या पाण्याच्या बादलीत टाकले. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१ च्या आसपास, म्हणून ते तरंगलं. उरलेले तुकडे मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात टाकले. त्या पाण्याची घनता साधारण १.२. नायलॉन (१.१४) वर आलं, पॉलिएस्टर (१.३८) तळाला गेलं. चुलते बघतच राहिले.

वेगळं झालं की पुढचा रस्ता आहे. पॉलिप्रॉपिलीन वितळवून पुन्हा दाणे करता येतात. नायलॉन-६ उष्णतेनं तोडून त्याचा मूळ घटक, कॅप्रोलॅक्टम, परत मिळवता येतो. इटलीची एक कंपनी २०११ पासून जुन्या मासेमारी जाळ्यांतून असं नायलॉन काढते. पण एकत्र चिकटवलेले तुकडे या बादलीला दाद देत नाहीत. तसेच वितळवले तर दोन प्लास्टिकं तेल-पाण्यासारखी फटकून राहतात आणि माल ठिसूळ होतो. माझ्या प्रबंधाची सगळी डोकेदुखी हीच.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. नायलॉन जाळलं तर ना सुंभ राहतो ना पीळ. राहतो तो काळा गोळा.

परतताना नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात थांबले. एक नवरा-बायको खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, त्यांचे धागे हाताच्या चाकावर पिळून दोर वळत होते. गोणी एकाच प्लास्टिकची, आणि जोड फक्त पिळाचा. म्हणून ती सुटते आणि पुन्हा दोर होते. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला 'सुट्टी करता येणारी रचना' म्हणतो, ती इथं जमिनीवर बसून चालली होती. पुनर्वापराच्या कुठल्या आकडेवारीत हे दोघं असतील असं मला वाटत नाही.

मी एक कासरा घेतला. भाव केला नाही. आता तो प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आहे. नवा नमुना चिकटवायला घेतला की आधी त्याच्याकडे बघते आणि स्वतःला विचारते: हे उलटं पिळून सुटेल का?