'सराईत' या शब्दाचा माग

बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहाची उभारणी १९२३ची. आत आलेला माणूस नवा की सराईत, हा तुरुंगातला जुना प्रश्न. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा गजांबाहेरच्या कागदांतच आधी ठरलेले असे.

पहिला कागद १९०८चा : मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वरचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे पुस्तक. त्यात प्रकरणे जातवार आहेत आणि बेरड ही जमातही त्यांत आहे. पोलिसांना माणूस ओळखता यावा म्हणून लिहिलेले हे पुस्तक. पोलिसांची नजर कशी होती याचा तो पक्का पुरावा. गुन्हे किती घडले, याचा नव्हे.

दुसरा कागद जास्त बोलका. भारतीय दंड संहितेचे कलम ७५ सर्वांना सारखे : ठरावीक गुन्ह्यांत पुन्हा दोषी ठरणाऱ्याला जास्तीत जास्त किती शिक्षा देता येईल, ते त्यात सांगितले होते. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कलम २३ने ही मोजपट्टीच उलटी धरली. नोंदलेल्या जमातीतला माणूस परिशिष्टातल्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर कमीत कमी सात वर्षे. तिसऱ्यांदा, जन्मठेप काळ्या पाण्याची. यातून सूट द्यायची, तर न्यायाधीशाने निकालपत्रात विशेष कारण नोंदवायचे. शिवाय हजेरी चुकवणे किंवा पासाशिवाय गाव सोडणे हाही गुन्हाच, आणि तो पुन्हा केला की शिक्षा वाढे. इथवर कायद्याचा मजकूर आहे. यापुढचा माझा तर्क : अशा नियमांखाली जमलेल्या 'पुन्हा शिक्षा झालेल्यां'च्या आकड्यात चोरी किती आणि चुकलेली हजेरी किती, हे वेगळे काढल्याशिवाय तो आकडा स्वभावाचा दाखला म्हणून वापरता येत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. सराईतांची नोंद मात्र राहिली. १९५६मध्ये बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. मग नव्या सीमेच्या कागलकडच्या बाजूला मुंबई राज्याचा १९५९चा सराईत गुन्हेगार कायदा आणि निपाणीच्या बाजूला म्हैसूरचा १९६१चा. सीमा भाषेवरून आखली. संशय दोन्हीकडे जुनाच, असे यमनापूरच्या भीमराव गस्तींचे 'बेरड' हे आत्मकथन वाचताना वाटत राहते. केनेडींनी ज्या नावाचे प्रकरण केले, तेच नाव इथे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे.

आजचा कागद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते; त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. पुनरपराधाचे प्रमाण काढताना हे तिघे कुठे बसवले आहेत, ते वाचकाने आधी तपासावे.

शेवटचा कागद निकालपत्राचा : ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.