परत देण्यासाठी छापलेला कागद : जुनी क्रिकेट-चित्रे दुर्मीळ का?

१/ ३१ ऑक्टोबर १९८७. रिलायन्स विश्वचषकात नागपूरच्या मैदानावर चेतन शर्मा यांनी न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक साधली आणि सुनील गावस्कर यांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक झळकावले. त्याच काळात मुलांच्या खिशात निराळीच धावसंख्या जमत होती. ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चिमुकल्या चित्रांवर धावा आणि बळी छापलेले असत.

२/ ठरलेल्या धावा जमवून परत दिल्या, की खेळाडूंची पुस्तिका मिळे. म्हणजे ते चित्र छबीही होते आणि वचनचिठ्ठीही. मुलाने नियम नीट पाळला, की इतिहासाचा पुरावा मात्र नाहीसा होई.

३/ ही युक्ती जुनी होती. अमेरिकेत १९३२ मध्ये ‘यू. एस. कॅरॅमल’ या मिठाई कंपनीने ३२ कार्डांचा पूर्ण संच परत करणाऱ्यास बक्षीस देऊ केले. परंतु १६ क्रमांकाचे, बेसबॉलपटू फ्रेड लिंडस्ट्रॉम यांचे कार्ड अत्यल्प संख्येने बाहेर आले. एकतीस कार्डे जमत, बत्तिसावे सापडत नसे. मिठाई खपत राही. आज संग्राहकांना ध्यास असतो तो त्याच कार्डाचा.

४/ म्हणून दुर्मीळ कागद हाती आला, की एक प्रश्न विचारावा : तो मुळातच कमी छापला गेला, की बक्षिसासाठी परत दिला गेला? पहिल्यात विक्रेत्याचा हिशेब दिसतो, दुसऱ्यात मुलांची चिकाटी.

५/ १९९९ च्या विश्वचषकात ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ या योजनेने तोच खेळ बिस्किटांच्या वेष्टनांवर मांडला. शंभर धावांना एक पुस्तिका, आणि भाग्यवंतांना थेट इंग्लंडची वारी.

६/ अशा कागदांसोबत जुना लिफाफा मिळाल्यास पत्ता अवश्य वाचावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे शहादा किंवा तळोद्याच्या पत्त्यापुढील ‘जि. धुळे’ ही अक्षरेही काळाची खूण ठरू शकतात.

७/ उरलेली चित्रे बहुधा अशा मुलांची, ज्यांच्या धावा पुरल्या नाहीत किंवा आवडता खेळाडू परत देणे ज्यांच्या जिवावर आले. दप्तरखान्यांत या मुलांची नोंद नाही. त्यांच्या खाऊच्या पैशांचा इतिहास घरोघरच्या ट्रंकांत आणि जुन्या वह्यांच्या पानांतच आहे. रद्दी देण्यापूर्वी तो एकदा पाहावा.