कोतवालाची काठी आणि शिपायाची बंदूक

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाताना वरोरा आणि भांदक यांच्या दरम्यान माजरी हे स्टेशन लागते. आज ते कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाते. परंतु आपल्याला जावयाचे आहे ते एकोणिसाव्या शतकातील चांदा जिल्ह्यात. तेथील अनेक खेड्यांत गावचा कोतवाल महार समाजाचा असे. रात्रीची गस्त त्याने घालावी, जन्ममृत्यूची वर्दी त्यानेच ठाण्यावर पोचवावी. गाव निर्धास्त झोपे ते त्याच्या भरवशावर. विहिरीवर मात्र त्याला पाय ठेवता येत नसे.

हाच विसंगत न्याय पुढे सरकारनेही केला. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून होते. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. असे असूनही १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. 'लढाऊ जाती'चे जे खूळ त्या वेळी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी घेतले होते, त्याचाच हा परिणाम. पराक्रम जन्माने ठरविणारे हे शास्त्र आपल्याकडील जातिभेदाला किती सोयीचे होते, हे वेगळे सांगावयास नको!

बंद झाली ती केवळ नोकरी नव्हे. पलटणीत पगार होता, पेन्शन होते आणि मुख्य म्हणजे शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. तेथेच १८९१ मध्ये त्यांचे पुत्र भीमराव जन्मले. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी १८९४ मध्ये भरतीसाठी विनंतीपत्र लिहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. परक्या सत्तेची चाकरी मागण्यात कसला मान, असे कोणी विचारील. पण गावकीतील चाकरी जन्माने गळ्यात पडलेली होती. पलटणीत माणूस आपल्या इच्छेने जाऊ शकत होता. माझ्या मते त्या अर्जांतील खरी मागणी ती होती.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्यांनी हा प्रश्न पुन्हा नेटाने मांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि दुसरी १९४२ मध्ये कामठीला, म्हणजे नागपूरच्या वेशीवर. चांद्याच्या तरुणाला पलटण आता आगगाडीच्या पल्ल्यात आली.

ह्या शिपायांच्या टोपीवरील बिल्ल्यावर प्रथम कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढण्यात आला; रेजिमेंटचे नाव मात्र तेच राहिले. पुढे ह्याच रेजिमेंटमधून आलेले जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी भारताचे सरसेनापती झाले.