भागीदारीतील तंटे व त्यांचे निवारण

भांडवल, श्रम वा कौशल्य एकत्र आणून दोन किंवा अधिक व्यक्तींनी नफ्यासाठी चालविलेल्या धंद्यात त्या व्यक्तींमध्येच उद्‌भवणारे वाद व ते मिटविण्याची विधिमान्य साधने यांचा विचार या नोंदीत ऐतिहासिक क्रमाने केला आहे. भागीदारीस मराठीत ‘सरकत’ व ‘पाती’ हे जुने शब्द आहेत; पाती असणारा तो पातीदार. सावकार व कुळ यांच्यातील वाद बहुधा एखाद्या खतावर उभा असतो. भागीदारांच्या वादास असा एकच आधार क्वचितच सापडतो. प्रत्येक भागीदार धंद्यापुरता इतरांचा अभिकर्ता असतो; त्याने केलेल्या व्यवहाराने सर्वच बांधले जातात आणि रोजकीर्द-खतावणी मात्र पुष्कळदा एकाच्याच हाती असते. परिणामतः हिशेब कोणी द्यावा, कोणासमोर द्यावा व किती मुदतीत द्यावा, हाच या तंट्यांचा गाभा ठरतो.

सोलापूर जिल्ह्यातील भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यानचा माढा तालुका या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ज्वारीच्या कोरडवाहू शेतीचा हा प्रदेश. रेल्वेमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला, तेव्हा तो या तालुक्यातून गेला. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर कुर्डुवाडी हे जंक्शन बनले. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर ऊस व फळबागा वाढल्या आणि टेंभुर्णी, मोडनिंब यांसारख्या गावांच्या बाजारपेठांना महत्त्व आले. अशा ठिकाणी अडत, वाहतूक, बी-बियाणे, विटा, यंत्रदुरुस्ती इत्यादी धंदे अल्प भांडवलावर, ओळखीच्या व नात्याच्या माणसांत आणि पुष्कळदा तोंडी बोलीवर उभे राहतात. त्यांच्यात बिनसल्यास विधीचा आधार कितपत मिळतो, हा प्रश्न मोठ्या शहरांतील पेढ्यांपेक्षा येथे अधिक निकडीचा आहे.

प्राचीन काल : धर्मशास्त्रकारांनी विवादांची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘संभूयसमुत्थान’ म्हणजे एकत्र येऊन केलेला उद्योग हे एक पद होय. कौटिलीय अर्थशास्त्रातही त्याचे विवेचन आढळते. याज्ञवल्क्याच्या मते नफा-तोटा प्रत्येकाने घातलेल्या द्रव्याच्या प्रमाणात किंवा परस्परांत ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावा. कपटाने वागणाऱ्या भागीदारास नफा न देता वगळावे आणि जो स्वतः काम करण्यास असमर्थ असेल, त्याने ते दुसऱ्याकडून करवून घ्यावे. न्यायदानासाठी राजसभेखेरीज कुल, श्रेणी व पूग यांच्या सभा मान्य होत्या. सहव्यवसायी लोकांच्या आपसांतील वादात त्यांनीच परीक्षक व साक्षीदार व्हावे, असे बृहस्पतीने म्हटले आहे. व्यापारातील खाचाखोचा व्यापाऱ्यांनाच उमगतात, ही जाणीव त्यामागे दिसते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा  ही सुप्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांची राजधानी कल्याणी येथे रचली. हे नगर (आजचे बसवकल्याण) सोलापूरपासून फार दूर नाही.

मराठा काल : मराठी मुलखात गावच्या वतनाचे तंटे गोतसभेपुढे आणि पेठेतील व्यापारी तंटे शेटे-महाजन व पंचायत यांच्यापुढे चालत. पंचांचा निर्णय मान्य करू, असा ‘राजीनामा’ दोन्ही पक्षांकडून प्रथम लिहून घेतला जाई व त्याच्या पालनासाठी जामीन घेतले जात. पंच निवडताना वादाचा विषय लक्षात घेण्याची प्रथा होती. जमिनीच्या वादात देशमुख-देशपांडे, तर हिशेबाच्या वादात सावकार पंच म्हणून बसत, असे मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीच्या आपल्या १८१९ च्या अहवालात नमूद केले आहे. वह्या वाचू शकणारा माणूसच निवाड्यास बसत असल्याने पक्षकारांना वेगळ्या तज्ञाची गरज भासत नसे. या पद्धतीतील दोषही त्याने दाखविले आहेत : पंचांना वेळेवर हजर राहण्याची सक्ती नव्हती, काम रेंगाळे आणि वजनदार पक्षकारापुढे दुर्बलाचे काही चालत नसे. सरकारी पाठबळाशिवाय निवाड्याची अंमलबजावणीही अवघड होती.

ब्रिटिश अंमल : पंचायत टिकवावी, असा एल्फिन्स्टनचा प्रारंभी आग्रह होता. तथापि १८२७ च्या मुंबई विनियमांनी नियमित दिवाणी न्यायालयांची घडी बसविली व त्यांतील सातव्या विनियमाने लवादास स्वतंत्र स्थान दिले. न्यायालयाच्या हुकूमनाम्यास सक्तीचे बळ असल्याने पंचायत हळूहळू मागे पडली. भागीदारीविषयीचे नियम प्रथम १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातील कलमे २३९ ते २६६ यांत ग्रथित झाले. त्यामुळे नियम निश्चित झाले. परंतु ते समजून घेण्यासाठी वकील आणि ते लागू करून घेण्यासाठी मुद्रांकशुल्क आवश्यक झाले.

न्यायालयीन खर्च व विलंब यांविरुद्ध दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटली. पहिली लोकांकडून : १८७० नंतरच्या दशकात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी आपसांत तंटे मिटविण्यासाठी लवाद न्यायालये स्थापन करण्याची चळवळ केली. दुसरी सरकारकडून : १८७५ मधील दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला व तो पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. माढा तालुका त्यामुळे या प्रयोगाच्या कक्षेत आला. या अधिनियमाचा मुख्य विषय कर्ज हा होता. तथापि त्यात नेमलेल्या सलोखा अधिकाऱ्यांकडे, पक्षकारांपैकी एक जरी शेतकरी असला, तरी दिवाणी स्वरूपाचा कोणताही वाद नेता येई. म्हणजे बैल, गाडी वा पिकाच्या पातीवरून झालेला वादही त्यात बसे. क्षुल्लक रकमांच्या दाव्यांसाठी ग्राम-मुन्सफ नेमण्याची तरतूद होती. केवळ खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा, तसेच ऋणकोस पावती व वार्षिक हिशेब मिळावा, हीही या अधिनियमाची वैशिष्ट्ये होत. वह्या ज्याच्या हाती, त्याच्याच म्हणण्यावर निकाल अवलंबून राहू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. भागीदारांच्या तंट्यातही मर्म हेच असते.

१९३२ चा अधिनियम : इंग्लंडमधील १८९० च्या अधिनियमाच्या धर्तीवर भारतीय भागीदारी अधिनियम तयार झाला व १ ऑक्टोबर १९३२ पासून अंमलात आला. भागीदारी ही करारातून निर्माण होते, जन्मसिद्ध नात्यातून नव्हे, असे त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट केले आहे. यास्तव एकत्र हिंदू कुटुंबाचा पिढीजात धंदा किंवा केवळ पिकाचा वाटा घेणारा जमीनमालक या व्याख्येत येत नाही. तालुक्याच्या ठिकाणचे अनेक दावे प्रथम याच मुद्यावर अडतात.

भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागावे आणि खरा हिशेब द्यावा, असे कर्तव्य हा अधिनियम घालून देतो. प्रत्येक भागीदारास वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार आहे. वेगळा करार नसल्यास नफा-तोटा समसमान वाटला जातो, कामाबद्दल वेतन मिळत नाही व भांडवलाहून अधिक दिलेल्या रकमेवर सालिना सहा टक्के व्याज मिळते. मुदत न ठरविलेली ऐच्छिक भागीदारी कोणाही भागीदारास लेखी नोटीस देऊन विसर्जित करता येते. मनोविकृती, कायमची असमर्थता, गैरवर्तन, कराराचा वारंवार भंग, सततचा तोटा अथवा अन्य न्याय्य कारणावरून न्यायालयही विसर्जनाचा आदेश देऊ शकते. विसर्जनाची जाहीर सूचना दिली नाही, तर जुन्या भागीदाराची तिऱ्हाइतांसंबंधीची जबाबदारी चालूच राहते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दाव्याची रीत : हिशेबाच्या दाव्यात न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा देते. त्यात प्रत्येकाचा हिस्सा व विसर्जनाची तारीख निश्चित होते. नंतर कमिशनर नेमून वह्या तपासल्या जातात. जरूर पडल्यास मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात दिली जाते. धंद्याच्या मत्तेतून प्रथम बाहेरचे देणे, मग भागीदारांनी दिलेल्या उचली, नंतर भांडवल आणि उरल्यास नफा, असा वाटपाचा क्रम असतो. तदनंतर अंतिम हुकूमनामा होतो. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये विसर्जित भागीदारीच्या हिशेबाचा दावा विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. नातेसंबंधामुळे बोलणी लांबवत राहणारे भागीदार या मुदतीस मुकतात.

नोंदणीचा प्रश्न : भागीदारी संस्थेची नोंदणी अधिनियमाने सक्तीची केली नाही, मात्र नोंदणी न करणाऱ्यास कलम ६९ ने दाव्याचा दरवाजा बंद केला. करारातील हक्कासाठी त्यास सहभागीदाराविरुद्ध वा तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही. एक महत्त्वाचा अपवाद ठेवला होता : संस्थेचे विसर्जन मागण्याचा आणि विसर्जित संस्थेचा हिशेब व मालमत्ता मिळविण्याचा हक्क नोंदणीअभावी बाधित होत नसे. तोंडी बोलीवर धंदा करणाऱ्या लहान भागीदारास हाच एक मार्ग मोकळा होता.

महाराष्ट्राने १९८४ च्या अधिनियम क्रमांक २९ द्वारा हा मार्ग रोखला. कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) घालून नोंदणी नसल्यास विसर्जनाचा व हिशेबाचा दावाही १ जानेवारी १९८५ पासून वर्ज्य ठरविण्यात आला. दिवंगत भागीदाराच्या वारसांना हिशेबापुरती सूट होती. नोंदणी वाढावी व खोट्या भागीदारीच्या दाव्यांना आळा बसावा, असे या सुधारणेचे समर्थन करता येते. पण तिचा परिणाम विषम होता. दुकान, माल व वह्या ज्याच्या ताब्यात, त्यास न्यायालयात जाण्याची गरजच नव्हती. ज्याने पैसे घालून विश्वास ठेवला, त्याचे मात्र भांडवल अडकून पडे आणि ते मागण्याची सोयही उरत नसे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम संविधानाच्या अनुच्छेद १४, १९(१)(छ) व ३००अ यांच्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविले. नोंदणीच्या अभावी माणसास त्याच्या मालमत्तेपासून वंचित करणे अवाजवी होय, हे त्यातील सूत्र. या निर्णयाने महाराष्ट्रातील अनोंदित भागीदारांचा चोवीस वर्षे बंद असलेला मार्ग पुन्हा खुला झाला.

लवाद व सलोखा : १९४० च्या लवाद अधिनियमाखाली अनोंदित संस्थेच्या भागीदारास लवाद नेमण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरविले होते. १९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमाखाली प्रत्यक्ष लवादासमोरील कार्यवाहीस कलम ६९ ची आडकाठी येत नाही, असे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. भागीदारांनी एकमेकांवर केलेला लबाडीचा साधा आरोप हे लवाद टाळण्यास पुरेसे कारण नव्हे, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले.

विधिसाहाय्याची तरतूद संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९अ म्हणून आली व विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा १९९५ पासून अंमलात आला. त्याखाली तालुका पातळीपर्यंत समित्या स्थापण्याची व्यवस्था आहे. अल्प उत्पन्न गटाखेरीज स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांना मोफत वकील मिळू शकतो. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. म्हणून भागीदार पतीच्या निधनानंतर हिशेब मागणाऱ्या विधवेस ही तरतूद विशेष मोलाची आहे. लोकन्यायालयात दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. मात्र लोकन्यायालय संमतीशिवाय निकाल देऊ शकत नाही, हीच त्याची मर्यादा होय.

व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये भागीदारी करारांचे वाद ‘व्यापारी वाद’ मानले आहेत. २०१८ च्या सुधारणेने त्यासाठी किमान मूल्य तीन लाख रुपयांवर आले व तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी आवश्यक झाली. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले. २०२३ मध्ये मध्यस्थी अधिनियमही संमत झाला. माढा येथे दिवाणी न्यायालय, सोलापूर येथे जिल्हा न्यायालय आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ अशी या तालुक्यातील पक्षकारांसाठी चढती व्यवस्था आहे. उच्च न्यायालयातील कामासाठी पूर्वीप्रमाणे मुंबईपर्यंत जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

समालोचन : वह्या जाणणारे पंच ही जुन्या पंचायतीची जमेची बाजू, सक्तीचा अभाव हा तिचा दोष. न्यायालयांनी सक्ती दिली, पण हिशेबाची छाननी दीर्घ व खर्चिक झाली. लवाद, सलोखा व मध्यस्थी यांच्या आधुनिक तरतुदी या दोहोंची सांगड घालू पाहतात. त्यांचा उपयोग तंट्यापूर्वीच्या दक्षतेवर अवलंबून असतो : लेखी करार, संस्थेची नोंदणी, सर्वांच्या सहीचा वार्षिक ताळेबंद व लवादाचे कलम. ज्यांनी ही दक्षता घेतली नाही, त्यांनाही विसर्जित धंद्यातील आपला वाटा न्यायालयात मागता यावा, हे २००९ नंतर निश्चित झाले आहे. तो हक्क तीन वर्षांच्या मुदतीत बजावला जाण्यासाठी त्याची माहिती तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.