सरकारी गुपित आणि छापील शाई

खटकचिंचोळी हे बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील गाव. या टापूत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात नांदतात. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, आणि 1973 मध्ये त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. गावाची शिवारे जागची हलली नाहीत. त्यांवरील सत्ता मात्र कागदांनी हलविली. तह, करार, खलिते, जाहीरनामे असे ते कागद हैदराबादेत, कलकत्त्यास, सिमल्यास, दिल्लीस लिहिले गेले. ज्यांचे भवितव्य त्यांत लिहिले होते त्यांच्या दृष्टीस ते पडले, ते सर्व काही ठरून गेल्यानंतर. राज्यकर्त्यांचा असा एखादा कागद वेळेआधी लोकांपुढे आला तर तो आणणारा लोकांचा हितकर्ता की राज्याचा अपराधी, हा वाद हिंदुस्थानात शंभराहून अधिक वर्षांचा आहे. आणि त्यात मराठी माणसांनी जो भाग घेतला त्याची हकीकत आजही वाचण्याजोगी आहे.

या वादाचा आरंभ एका बंगाली पत्राच्या अंकातून झाला. 3 ऑक्टोबर 1889 रोजी कलकत्त्याच्या ‘अमृत बाजार पत्रिके’ने काश्मीरविषयीचा एक सरकारी कागद प्रसिद्ध केला. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरंड यांनी 1888 मध्ये लिहिलेले ते गुप्त टिपण होय, असे पत्राचे म्हणणे होते. त्याच वर्षाच्या आरंभी काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांच्या हातून राज्यकारभार काढून घेण्यात आला होता. महाराजांनी रशियाशी पत्रव्यवहार केला असा आरोप त्यांच्यावर होता. काही पत्रे सापडल्याचे सांगण्यात येत होते, आणि ती बनावट आहेत असे महाराजांचे म्हणणे होते. पुढे आपला निर्णय केवळ त्या पत्रांवर अवलंबून नाही, असा खुलासा सरकारलाच करावा लागला. मग तो कशावर अवलंबून होता? ‘पत्रिके’चे उत्तर असे की, खरा डोळा गिलगिटच्या सरहद्दीवर आहे, कुशासनाची सबब पुढे केलेली आहे, एवढेच.

सरकारचे उत्तर विलक्षण त्वरेने आले. अवघ्या चौदा दिवसांत, 17 ऑक्टोबर 1889 रोजी, सिमल्यास कायदेमंडळाच्या बैठकीत सरकारी गुपितांचा कायदा संमत झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांनी त्या बैठकीतच या प्रकरणाचा समाचार घेतला. प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा पहिला भाग ड्युरंड यांच्या टिपणाशी जुळतो, हे त्यांनी मान्य केले. परंतु पुढील भाग निखालस बनावट आहे, असे ठासून सांगितले. म्हणजे खरा कागद फुटला हीही तक्रार, आणि खोटा कागद छापला हीही तक्रार! कायदा मात्र फक्त पहिल्या गोष्टीचा झाला, ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा कायदा मूळचा इंग्लंडचा. 1878 मध्ये बर्लिनची परिषद भरण्याच्या सुमारास इंग्लंड व रशिया यांच्यात एक गुप्त करार झाला होता. लंडनच्या परराष्ट्र कचेरीत नकला करण्याचे काम करणाऱ्या चार्ल्स मार्विन नावाच्या कारकुनाने त्याचा मजकूर ‘ग्लोब’ या वृत्तपत्राला दिला आणि 14 जूनला तो छापून आला. मार्विनवर खटला भरला गेला, पण त्याने कचेरीतून एकही कागद पळविल्याचे सिद्ध होईना. मजकूर त्याच्या स्मरणात होता, आणि स्मरणशक्तीची चोरी कोणत्याही कायद्यात बसत नव्हती. तो सुटला. अकरा वर्षांनी, 1889 च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडने ही उणीव भरून काढली. आणि दोन महिन्यांत ते शस्त्र ‘पत्रिके’च्या निमित्ताने हिंदुस्थानात उतरले. फरक इतकाच की, इंग्लंडात कायद्याच्या शेजारी प्रश्न विचारणारी पार्लमेंट होती. काश्मीरचा प्रश्नही अखेर 1890 च्या जुलैमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी तेथेच मांडला. तो मांडण्यासारखी जागा हिंदुस्थानात नव्हती.

गुप्त कागदाने वृत्तपत्राचे हात कसे पोळतात, हे महाराष्ट्राने त्याआधी सात वर्षे पाहिले होते. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी वदंता 1881 मध्ये सर्वत्र पसरली होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे तेव्हा एक वर्षाचीही झालेली नव्हती. कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या नावची म्हणून काही गुप्त पत्रे बाहेर आली; त्यांवरून कारभाऱ्यांचा छत्रपतींविरुद्ध कट दिसत होता, आणि त्यांच्या आधारे या पत्रांनी कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. चौकशीत पत्रे बनावट निघाली. तसे कळताच टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला चालूच राहिला, आणि 17 जुलै 1882 रोजी दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले व 26 ऑक्टोबरला ते सुटले. छत्रपतींची कहाणी मात्र तेथे संपली नाही. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगर येथे पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्या विशीतील राजाचा अंत झाला. कागद खोटे होते; काळजी खोटी नव्हती.

या दोघांच्या सहवासात वाढलेला तिसरा मराठी पुरुष म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी शिकविले, आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू काही काळ सांभाळली. त्यांनाही या विषयातील चटका स्वतःच्या अंगावर घ्यावा लागला होता. 1897 मध्ये ते इंग्लंडात असताना पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे त्यांना आली. प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा उल्लेख त्यांत होता, आणि गोखल्यांनी तो ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केला. मुंबईस परतल्यावर पुरावा मागण्यात आला. पुरावा देणे म्हणजे पत्रलेखकांची नावे उघड करणे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारची व सैनिकांची निःसंदिग्ध माफी मागितली आणि स्वकीयांची निंदा मुकाट्याने सोसली. तेव्हाच्या पुण्यात त्या माफीवरून त्यांना जे ऐकावे लागले ते थोडे नव्हते. परंतु ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना सरकारच्या स्वाधीन न करण्यासाठी आपली अब्रू पणाला लावणारी माणसे सार्वजनिक जीवनात विरळाच.

असा हा मनुष्य वरिष्ठ कायदेमंडळाचा सभासद झाला, आणि 1903 मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने 1889 चा कायदा अधिक कडक करण्याचे विधेयक आणले. जुन्या कायद्याचा मुख्य रोख लष्करी व आरमारी गुपितांवर होता. नव्या मसुद्याने ‘मुलकी’ कारभारही त्यांच्याच पंक्तीला बसविला. पूर्वी आरोपीचा हेतू वाईट होता हे सरकारने सिद्ध करावयाचे होते. आता सरकारी जागेत जाण्याची आपणास परवानगी होती हे आरोपीनेच सिद्ध करावयाचे. पोलिसाला वॉरंटावाचून पकडता यावे आणि जामीन मिळू नये, अशीही तरतूद होती. विशेष असे की, एरवी सरकारची पाठ राखणारी गोऱ्या संपादकांची पत्रेसुद्धा या वेळी खवळून उठली.

4 डिसेंबर 1903 रोजी विधेयक निवड समितीकडे सोपविण्याचा ठराव आला तेव्हा गोखले विरोधास उभे राहिले. किल्ल्यांचे नकाशे आणि तोफांची संख्या गुप्त राहावी, याबद्दल त्यांचे भांडण नव्हते. मुलकी कारभारातील प्रत्येक कागद त्याच कुलपात का, हा त्यांचा सवाल होता. जेथे लोकांनी निवडलेले मंडळ कारभाऱ्यांना जाब विचारते तेथे वृत्तपत्राचे तोंड थोडे बांधले तरी निभते; जेथे असे मंडळच नाही तेथे वृत्तपत्र हेच प्रजेचे एकमेव गाऱ्हाणे होय. जाहीर ठरावाने दिलेले हक्क गुप्त परिपत्रकाने परत घेतले जातात, आणि असे परिपत्रक फुटले तर नुकसान कोणाचे होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. सरकारप्रमाणे वृत्तपत्रेही लोकहिताची राखणदार आहेत, हा मुद्दाही त्यांनी सोडला नाही.

निवड समितीत विधेयकाची धार काहीशी बोथट झाली. ‘मुलकी’ शब्दाला मर्यादा घालण्यात आल्या. तथापि परराज्यांशी व देशी संस्थानांशी असलेले संबंध त्या मर्यादेच्या आतच ठेवले गेले. 4 मार्च 1904 रोजी गोखल्यांनी पुन्हा विरोध नोंदविला, आणि सरकारी बहुमताच्या सभागृहात विधेयक संमत झाले.

देशी संस्थानांचा तो उल्लेख निजामाच्या प्रजेला किती लागू होता, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. दोनच वर्षांपूर्वी, 30 मार्च 1902 रोजी, कर्झन हैदराबादेस निजाम मीर महबूब अली खान यांना भेटले. विषय वऱ्हाडाचा. तैनाती फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये इंग्रजांकडे गेलेला हा मराठी मुलूख परत मिळावा म्हणून सर सालारजंगांनी अनेक वर्षे खटपट केली होती. बंद दाराआड झालेल्या त्या एका भेटीत निजामाने होकार दिला, आणि 5 नोव्हेंबर 1902 च्या कराराने वऱ्हाड साल 25 लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमचे राहिले. वऱ्हाडातील कुणब्याला त्याचे मत कोणी विचारले नाही. होकार खुषीचा होता की दडपणाचा? निजामाचे पुत्र मीर उस्मान अली खान यांनी 25 ऑक्टोबर 1923 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना लिहून तो खुषीचा नव्हता, असा दावा केला. 27 मार्च 1926 च्या उत्तरात रीडिंग यांनी तो झिडकारला. ज्या सरकारने ही भेट घडविली त्याच सरकारने दोन वर्षांनी संस्थानांशी असलेले संबंध गुपितांच्या कायद्याखाली आणले, हा योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही.

पुढे जगाचे वारे फिरले. 1917 च्या नोव्हेंबरात रशियातील बोल्शेविक सरकारने झारच्या दप्तरातील गुप्त तह छापून टाकले, आणि तुर्की मुलूख आपसांत वाटून घेण्याचा इंग्रज-फ्रेंचांचा बेत अरबांना त्यातून कळला. हिंदुस्थानात मात्र 1923 मध्ये आणखी व्यापक असा सरकारी गुपितांचा कायदा झाला.

स्वराज्य आले तेव्हा निजामाच्या राज्यात पुन्हा कागदांचाच खेळ चालू होता. 29 नोव्हेंबर 1947 रोजी हैदराबादने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. थोड्याच दिवसांत असे उघडकीस आले की, निजाम सरकारने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने देऊ केले आहे. राज्यातील प्रजा त्या वेळी रझाकारांच्या दहशतीखाली होती आणि तिच्या नावावरील हा व्यवहार तिला विचारून झालेला नव्हता. 1948 मध्ये भारत सरकारने स्वतःच हैदराबादविषयीची श्वेतपत्रिका काढून वाटाघाटींचे कागद लोकांपुढे ठेवले. कर्झनच्या काळी जे अकल्पनीय होते ते येथे सरकारनेच केले. अर्थात सरकार आपले कागद उघडते तेव्हा कोणते उघडावे आणि कोणते झाकावे, हेही तेच ठरविते.

1923 चा कायदा स्वराज्यातही राहिला. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद छापण्यास मोकळीक दिली; 2010 मध्ये त्याच देशाच्या वकिलातींचे अडीच लाखांहून अधिक खलिते बाहेर पडले, आणि त्यांत भारताविषयीचेही पुष्कळ निघाले. महाराष्ट्राने 2002 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. केंद्राच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, गुपित राखण्याने होणाऱ्या रक्षणापेक्षा ते उघड करण्यातील लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, मग गुपितांचा जुना कायदा काहीही म्हणो. राफेल विमानांच्या प्रकरणी ‘हिंदू’ या वृत्तपत्राने छापलेले संरक्षण खात्याचे कागद विचारात घेऊ नयेत, असा सरकारचा आग्रह होता. 10 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचाही आधार घेऊन तो अमान्य केला. 1903 साली गोखले ज्या तराजूसाठी भांडले तो कायद्याच्या पुस्तकात यावयास एक शतक लागले.

‘पत्रिके’च्या काळच्या परराष्ट्र खात्याची ‘गुप्त’ असा शेरा असलेली दप्तरे आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभ्यासकांना ती वाचावयास मिळतात. काश्मीरचे आहेत, गिलगिटचे आहेत, हैदराबादचेही कागद आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने अर्ज भरून दिला की शिपाई फाइल आणून मेजावर ठेवतो.