खोकल्याची बाटली आणि कुत्रा

माणसाच्या उंबऱ्याशी कुत्रा येऊन बसला, त्याला हजारो वर्षे लोटली. माणसाच्या औषधाची बाटली मात्र त्याच्यापर्यंत पोहोचली ती अगदी अलीकडे. घरातल्या कुत्र्याला ढास लागली की धन्याचा हात स्वतःच्या खोकल्याच्या औषधाकडे जातो. त्यामागे ममताच असते. परंतु ती तारक ठरेल की मारक, याचे उत्तर औषधांच्या इतिहासात सापडते.

खोकला दाबणारी जुनी द्रव्ये अफूच्या कुळातली. 1832 साली रॉबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अफूतून कोडीन वेगळे केले. 1898 मध्ये बायर या जर्मन कंपनीने चक्क हेरॉइन हे खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले. त्याचे व्यसन जडते हे ध्यानी आल्यावर ते मागे पडले. 1958 मध्ये अमेरिकेत डेक्स्ट्रोमेथॉर्फनला मान्यता मिळाली. कोडीन व डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही द्रव्ये पशुवैद्यही, वजन पाहून व मात्रा मोजून, कुत्र्यास देतात. म्हणजे मूळ औषध कुत्र्याला अगदीच परके नव्हे. मोठे भय असते ते बाटलीतील त्याच्या सोबत्यांचे.

सोबती किती घातक ठरतो, हे 1937 साली अमेरिकेने पाहिले. सल्फानिलामाइड हे जंतुरोधक औषध पाण्यात सहज विरघळत नसे. टेनेसी राज्यातील एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळविले आणि रासबेरीचा स्वाद देऊन विकावयास काढले. स्वाद, रंग आणि गंध पारखले गेले. विषारीपणा कोणी पारखला नाही. शंभराहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी लहान मुले, मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. दोष औषधाचा की द्रवाचा, हे ठरविण्यासाठी शिकागो विद्यापीठात गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदीर, ससे आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग झाले. मारक ठरला तो द्रवच. 1938 च्या कायद्याने नवे औषध विकण्यापूर्वी त्याची निर्धोकता दाखविणे अमेरिकेत बंधनकारक झाले. माणसाची बाटली सुरक्षित व्हावी म्हणून अशी साक्ष कुत्र्यानेही दिली.

पण ती निर्धोकता माणसापुरतीच होती. साखरेऐवजी काही गोड औषधांत घातले जाणारे झायलिटॉल माणसाला सहसा बाधत नाही. 1960 नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी ते कुत्र्यांच्या शिरेतून दिले, तेव्हा त्यांच्या रक्तात इन्शुलिनचा लोट उसळला. असे झाले की रक्तातील साखर कोसळते, कुत्र्याचा तोल जातो, झटके येतात. मात्रा अधिक असेल तर यकृतही निकामी होते. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांतील पॅरासिटामॉल यकृताला इजा करू शकते, तर स्यूडोएफेड्रिन हृदयाची गती बेफाम वाढविते. 'साखरविरहित' हा शब्द माणसाला दिलासा देतो. कुत्र्याच्या बाबतीत तोच शब्द सावध करणारा आहे.

शिवाय खोकला हा स्वतः रोग नव्हे. 1910 च्या सुमारास फेरी या अमेरिकी संशोधकाला आजारी कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जंतू आढळला. तो 'डिस्टेंपर'चे कारण आहे, असे त्याने मानले. पुढे डिस्टेंपर विषाणूमुळे होतो हे सिद्ध झाले, आणि फेरीचा जंतू, म्हणजे आजचा बोर्डेटेला, कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्यातील एक प्रमुख घटक म्हणून ओळखला जाऊ लागला. हृदय वाढल्यानेही कुत्रा खोकतो, न्यूमोनियानेही खोकतो. न्यूमोनियात खोकला दाबणे म्हणजे कफाची बाहेर पडण्याची वाटच अडविणे होय.

म्हणून कारण ओळखावे पशुवैद्याने, मात्रा ठरवावी त्यानेच, आणि औषध असावे एकाच घटकाचे. चुकून कुत्र्याच्या पोटात माणसाचे मिश्रण गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह त्याला दवाखान्यात न्यावे. कारण काय गेले हे तो सांगू शकत नाही, बाटलीवरील चिठ्ठी सांगू शकते. माणसाने ती चिठ्ठी वाचण्याचा धडा शंभराहून अधिक प्राण देऊन घेतला. मुक्या सोबत्यासाठी तीच चिठ्ठी पुन्हा एकदा वाचणे, एवढे ऋण तरी त्याच्यावर आहे.