चाक मोठं केलं की डिझेल जास्त जातं का? बंडीपासून दहाचाकीपर्यंतचा हिशोब

मित्रांनो, आजची पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरी एखादा ट्रक आहे, ज्याचा धान ट्रकनं गिरणीत जातो, किंवा जो रोज या रस्त्यानं टू-व्हीलरवर गडचिरोलीला नोकरीला जातो, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडच्या कोणत्याही टायरच्या दुकानात अर्धा तास बसा. एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाऊ, ९०० काढून १००० टाकू का? गाडी खड्ड्यात आदळणार नाही. पण ॲव्हरेज पडलं तर?" विचारणारा बहुतेक वेळा एकाच गाडीचा मालक असतो. बँकेचा किंवा फायनान्सचा हप्ता डोक्यावर, भाडं ठरलेलं, आणि खर्चात डिझेलनंतर सगळ्यात मोठा आकडा टायरचा. त्याच्यासाठी हा शौकाचा प्रश्न नाही. महिन्याच्या शेवटी घरात काय उरतं, त्याचा आहे.

याचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण मग ते पटत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कारण चाक मोठं करायचं आणि ओढणाऱ्यावर भार पडू द्यायचा नाही, ही खटपट आपल्या भागात ट्रक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आपली जुनी बंडी आठवा. चाक चार-पाच फुटांचं. एवढं मोठं कशाला? धानाच्या बांधीतून, चिखलातून, नाल्यातून गाडी काढायची म्हणून. लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं, आणि बैलाची ओढ वाचते. आमच्या सुतार-लोहारांना हे शिकवायला कोणी इंजिनिअर आला नव्हता. पण तेच चाक अरुंद. आऱ्यांवर पाट, पाटांवर लोखंडी धाव, आणि ती धाव जेमतेम दीड-दोन इंच रुंद. सगळं वजन त्या पट्टीवर. चिखलात चालून गेलं, पण मुरूम-गिट्टीच्या रस्त्यावर तीच धाव सुरीसारखी चालायची. बैल वाचला, रस्ता कापला गेला.

इंग्रज सरकारला हे कळत होतं. मोटारी वाढल्या आणि रस्त्याला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९२७ साली एक समिती नेमली गेली. अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेच. जयकर समितीनं सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला तो त्यातूनच. म्हणजे जो इंधन जाळतो त्यानं रस्त्याचे पैसे भरायचे, ही गोष्ट जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. आज तुम्ही पंपावर डिझेल भरता तेव्हा रस्त्याचा सेस त्यात असतोच. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

याच समितीच्या शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या काळात बैलगाडीची लोखंडी धाव आणि तिच्याऐवजी हवेचा रबरी टायर हा इंजिनिअरांच्या चर्चेचा विषय होता. मग १९४३ च्या डिसेंबरात देशभरातले मुख्य अभियंते जमले, कुठे? आपल्या नागपुरात. तिथं वीस वर्षांचा जो आराखडा ठरला तो आजही 'नागपूर प्लॅन' म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथली.

आता टायरकडे येऊ. हवा भरलेलं चाक स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनला १८४५ सालीच सुचलं होतं, पण ते बाजारात चाललं नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ते पुन्हा काढलं आणि जग बदललं. भारतात डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला १९३६ साली सुरू झाला. मुंबईत सिएट १९५८ ची. डनलॉपचं नाव इतकं रुळलं की रबरी चाकाच्या बैलगाडीलाच कित्येक ठिकाणी 'डनलॉप' म्हणू लागले. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या टायरगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. चाक जुन्या बंडीच्या निम्म्या उंचीचं, पण त्याच दोन बैलांवर माल दुपटीनं.

इथे थांबून बघा काय झालं ते. चाक लहान झालं तरी ओढ कमी झाली, कारण रबर आणि हवेनं खडबडीतपणा गिळला. पण ती वाचलेली ओढ बैलाच्या वाट्याला आली का? नाही. आपण गाडीवर जादा माल चढवला.

ट्रकमध्येही तेच घडलं. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझसोबत जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तीच पुढे आपली 'टाटा'. आपल्या जिल्ह्याला ट्रकशिवाय पर्यायच नव्हता. रेल्वे म्हटली की वर्षानुवर्षं एकच स्टेशन, वडसा. बल्लारपूरच्या पेपर मिलला जाणारा बांबू, आलापल्लीचं सागवान, तेंदूपत्ता, आपल्या गिरण्यांचा तांदूळ, आणि पुढे सुरजागडचं लोहखनिज, बहुतेक सगळं रस्त्यानंच गेलं. जुन्या सहाचाकीला ९.००-२० चे नायलॉन टायर असत. मग १०.००-२० आले, मग दहाचाकी, बाराचाकी, चौदाचाकी. दर वेळी कारण एकच सांगितलं गेलं: रस्ता खराब आहे, माल जास्त आहे, टायर तगडा पाहिजे.

आता हिशोब करू. कागद-पेन घ्या.

९.००-२० टायरचा व्यास साधारण १,०१८ मिलिमीटर. १०.००-२० चा साधारण १,०५४. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो, पण मोठा टायर साडेतीन टक्क्यांनी मोठा, असं धरा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेतीन टक्के जास्त पुढे जाते. मीटरला मात्र हे कळत नाही. तो फेरेच मोजतो, आणि लहान टायर समजून किलोमीटर दाखवतो.

समजा गाडी खरोखर १,००० किलोमीटर चालली आणि २५० लिटर डिझेल लागलं. खरं ॲव्हरेज ४. मोठे टायर टाकल्यावर मीटरवर दिसतील ९६६ किलोमीटर. भागाकार केला तर ३.८६. मालक कपाळाला हात लावतो की टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं. प्रत्यक्षात एक थेंबही जास्त जळलेला नाही! ड्रायव्हर बिचारा फुकट बोलणी खातो. म्हणून टायरचा साइज बदलला तर आधी मीटर दुरुस्त करून घ्या. नव्या गाड्यांत ते सर्व्हिस सेंटरवर होतं. नाही जमलं तर मीटरच्या आकड्याला १.०३५ नं गुणा.

मग खरोखर डिझेल वाढतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, चढणीवर आणि चिखलात. चाक मोठं झालं की इंजिनाची ओढ तेवढीच टक्के कमी पडते, जणू प्रत्येक गिअर थोडा लांब झाला. सपाट रस्त्यावर जाणवत नाही. कोरचीकडच्या चढणीवर भरलेली गाडी एक गिअर खाली आणावी लागते, क्लच जास्त घासतो. तुमचं भाडं कुठल्या रस्त्याचं आहे त्यावर हे ठरतं. आरमोरी-नागपूर करणाऱ्याला त्रास कमी, जंगलातून माल काढणाऱ्याला जास्त.

दुसरं, टायरची जात आणि हवा. भरलेल्या ट्रकच्या डिझेलचा साधारण तिसरा हिस्सा टायर लोळवण्यातच जातो. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात, ते आतल्या आत घासतात, तापतात. ती उष्णता म्हणजे तुमचंच डिझेल. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिननं रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे सरळ आडवे आणि वर पोलादी पट्टा, त्यामुळे घासणं कमी आणि काही टक्के डिझेल वाचतं. तरी आपले लोक नायलॉन सोडत नाहीत, आणि ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. रेडियलची बाजूची भिंत पातळ, खड्ड्याच्या काठावरची गिट्टी ती फाडते. नायलॉन मार खातो. किंमतही कमी. पण ज्याचं बहुतेक चालणं डांबरीवर आहे त्यानं मोठ्या नायलॉनपेक्षा योग्य साइजच्या रेडियलचा विचार आधी करावा. सरकारनंही १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना लोळण्याच्या अडथळ्याची मर्यादा घातली आहे. आणि टायर कुठलाही असो, हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची. हवा कमी असली तर सगळा हिशोब पाण्यात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. जादा माल. टायर झेपतो म्हणून दोन टन जास्त टाकले, की ॲव्हरेज पडणारच. मग दोष टायरला जातो.

आणि हे दोन टन डिझेलपुरतेच राहत नाहीत. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या सहाचाकीचं मालासकट एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. चार टायरच्या एका आसाला १०.२ टन होते, ते ११.५ झाले. ऐकायला सव्वा टन. पण अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यावर ट्रक चालवून मोठी चाचणी घेतली गेली, तिचा निष्कर्ष आजही जगभर वापरतात. आसावरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. १०.२ चे ११.५ झाले की रस्त्यावरचा मार जवळपास १.६ पट. हा कायद्यात बसणाऱ्या गाडीचा हिशोब. ओव्हरलोड गाडीचा तुम्हीच करा.

म्हणजे चक्र असं फिरतं: रस्ता फुटतो, म्हणून मोठा टायर. मोठा टायर, म्हणून जादा माल. जादा माल, म्हणून रस्ता आणखी फुटतो. बंडीच्या धावेपासून आपण याच गोल फेऱ्यात आहोत. फरक एवढाच की तेव्हा चाकोरी पडायची, आता खड्डा पडतो आणि पावसाळ्यात त्यात टू-व्हीलरवाला पडतो.

गाडीमालकांना माझं सांगणं:

टायर मोठा करायचाच तर एकच पायरी वर जा, आणि गाडीच्या कंपनीनं त्या मॉडेलला तो साइज मंजूर केला आहे का ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीत नसलेला बदल चालत नाही. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हेच निघतं. रिमही त्या टायरला जुळणारी हवी. मागच्या जोडीत आतला एक साइजचा आणि बाहेरचा दुसरा, असं कधीच करू नका. मोठा टायर एकटा भार घेतो आणि तोच फुटतो. आणि ओव्हरलोडचा दंड लक्षात ठेवा, कलम १९४ खाली वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एका चलानात अख्ख्या फेरीचं भाडं जातं.

पण सगळं मालकावर ढकलून मोकळं होता येणार नाही. आरमोरीत ३५३ सी आणि ३५३ डी असे दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. साकोली-वडसाकडून येणारा इथून सिरोंचाला जातो, दुसरा नागपूर-ब्रह्मपुरीकडून येतो. इथून जाणारा प्रत्येक ट्रक डिझेलसोबत रस्त्याचा सेस भरूनच जातो. जयकरांनी सांगितलेला सौदा सरळ होता: इंधनावर पैसे घ्या, त्याचा रस्ता द्या. चांगला रस्ता मिळाला तर लहान मालकाला मोठा टायर लागणारच नाही, तो रेडियल टाकेल आणि डिझेल आपोआप वाचेल. त्यामुळे वजनकाटा सगळ्यांना सारखा लागू झाला पाहिजे, एका गाडीवाल्यालाही आणि रोज शंभर गाड्या पाठवणाऱ्यालाही. हे मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ज्यांनी ९०० चे १००० केले आहेत त्यांनी खाली लिहा: गाडी कोणती, रस्ता कोणता, मीटरचं ॲव्हरेज किती आणि १.०३५ नं गुणून किती आलं. पंचवीस-तीस गाड्यांचे आकडे जमले तर मी ते एकत्र मांडून पुन्हा पोस्ट टाकतो. आपल्या रस्त्यावरचा आपलाच हिशोब होईल.